डाव्या हाताचं मडकं

"मडकं तोंडानं खोटं बोलंल, बुडानं न्हाई," असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता समोरच्याच्या हातातलं मडकं घेऊन उलटं करायची. मडकं कुणाचं, आत काय भरलंय, हे आधी विचारून घ्यायची रीत तिच्याजवळ नव्हती. एकदा आमच्या ओसरीवर एका गिऱ्हाइकाचं काकवीचं मडकं तिनं असंच उचललं. काकवी त्याच्या धोतरावर. तो बिचारा ओरडायला लागला, तरी ही आपली बुडावरून अंगठा फिरवत उभी. मग म्हणाली, "खानापूरची माती हाय. तुजी सासुरवाडी तिकडची व्हय रे?"

त्याची सासुरवाडी खानापूरचीच निघाली. तो ओरडायचा थांबला, पण धोतर धुवायला पाणी मला द्यावं लागलं.

मी तेव्हा सुप्यात नवीन होते. मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. काळी नदीच्या काठी बाजार भरायचा आणि बाजाराच्या तोंडाशीच आमचं मीठ-तेलाचं दुकान होतं. कुंभारवाड्याहून ती डोक्यावर मडक्यांची पाटी घेऊन जंगलातून चालत यायची आणि आमच्या ओसरीसमोर फणसाखाली बसायची. सगळे तिला अव्वा म्हणत. अंगानं वाळलेली, गुडघ्यानं अधू, आणि दोन्ही तळहात असे गुळगुळीत की रेषा शोधाव्या लागत. मी एकदा म्हटलं, "अव्वा, तुमचा हात ज्योतिषाला दाखवायची सोय नाही." तर म्हणाली, "मातीनं खाल्ल्या रेघा. आता काय वाईट लिवलंय ते मला बी दिसत न्हाई, ब्येस झालं."

आपली मडकी विकण्यापेक्षा दुसऱ्यांची बघण्यात तिचा जीव जास्त. बाजारात आलेलं एकही मडकं तिच्या हातून सुटत नसे. घाटाखालून गोव्याचे मीठवाले बैलांवर लादून काय काय आणायचे. त्यांच्यात ती शिरली की ते हसायचे, "आयली गो म्हातारी!" ती हसत नसे. मडकं उलटं करायची, बुडाला किती घासलंय ते बघायची. बोटाच्या पेरानं टिचकी मारून कान लावायची. मग थुंकी लावून जरा भिजवायची आणि वास घ्यायची. शेवटी आत हात घालायची, कोपरापर्यंत, आणि डोळे मिटून आतल्या बाजूनं बोटं फिरवायची. एवढं झालं की मडकं परत करायची आणि पुढच्याकडे जायची.

लोकांना याची गंमत वाटायला लागली आणि मग गरज लागायला लागली. जंगलात सागवान तोडायला जाणाऱ्यांना मोडलेल्या वस्त्यांच्या जागी कधी कधी जुनी भांडी सापडत. बंगल्यावर उतरणाऱ्या एका साहेबाला अशा भांड्यांचा नाद होता. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती गोळा करून त्याच्याकडे पाठवायला सुरुवात केली, आणि खरं जुनं कुठलं ते सांगायला अव्वा.

एक गडी एकदा काळंकुट्ट मडकं घेऊन आला. तोंडापर्यंत माती भरलेली, वर गवताची मुळं. "झाडाच्या बुंद्यात घावलं. लई जुनं हाय," म्हणाला. अव्वानं ते उलटं केलं, नखानं काजळी खरवडली आणि नाकाशी नेली.

"शेणाच्या खड्ड्यात पुरलंवतंस व्हय रे?"

"न्हाई अव्वा, देवाशप्पत—"

"जुन्या काजळीत माती मुरती, बोटाला लागत न्हाई. ही बग." तिनं काळं झालेलं बोट त्याच्याच गालाला पुसलं. "आनि ह्ये मडकं आमच्याच भट्टीतलं. शिमग्याला तुज्या बायकूला मीच इकलंय. तिला इचारून आनलंस का चोरून?"

तो पळाला तो पळालाच. त्याची बायको मात्र दुसऱ्या बाजाराला मडकं शोधत आली.

पण सगळ्याच वेळा हसण्यासारख्या नसत. गुंद गावाच्या बाजूला रस्ता खणताना एक लहानसं भांडं निघालं होतं. काठ जाड, आकार वेडावाकडा, अर्धं लाल अर्धं काळं. आमच्या घरच्यांनी तिच्या हातात दिलं. तिनं नेहमीसारखं उलटं केलं आणि तशीच बसून राहिली. बाजाराचा गलका चालला होता, कुणी तिच्या पाटीतलं झाकण उचलून भाव विचारत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

"ह्येला चाक ठाव न्हाई," ती म्हणाली. "हातानं वळलंय. आमच्या आदीचं. आमच्या जातीच्या बी आदीचं आसंल."

"किती वर्षांचं म्हणायचं?" घरच्यांनी विचारलं.

"तेवडं मोजाया मला येत न्हाई, अन्ना. पर बाई हुती. बोटं बगा कशी बारीक." तिनं आपलं बोट आतल्या एका खोलगट खुणेवर ठेवलं. "हितं दाबताना तिचं ध्यान दुसरीकडं हुतं. पोर रडलं आसंल."

ते भांडं तिनं पदरात झाकून मगच परत दिलं. साहेबाकडे ते गेलं तेव्हा मला चुकल्यासारखं वाटत राहिलं.

मला वाटायचं, या बाईला जुन्या भांड्यांचं वेड आहे. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. एका दुपारी ऊन फार होतं, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिला ताक दिलं आणि विचारलं, "अव्वा, सगळ्यांच्या मडक्यात हात घालून काय शोधता हो?"

तिनं ताक पिऊन संपवलं. भांडं विसळून पालथं घातलं.

"माजं पोरगं शोदते," ती म्हणाली.

तिला एकच मुलगा होता. डावखुरा. कुंभाराच्या घरात चाक डाव्या हातानं फिरवणं तिच्या नवऱ्याला पटणारं नव्हतं. बापजाद्यांचं चाक, त्याची पूजा होते, त्याला डावा हात कसा लावायचा? पोराला उजव्या हातानं जमत नव्हतं आणि डाव्या हातानं केलेली मडकी बाप फोडून टाकत होता. शेवटी बापानं त्याचा डावा हात सुंभानं कमरेला बांधला आणि चाकावर बसवलं. मडकं कोसळलं की पाठीत रट्टा. असं पुष्कळ दिवस चाललं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी हुभी हुते. माती मळत हुते." तिनं पदरानं मान पुसली. "एकदा मला म्हनाला, आये, सोड की गं. मी म्हनलं, बा येईल. मिसरूड फुटायच्या आत घर सोडून गेला. सुंभ तेवडा चाकापाशी पडलेला."

डाव्या हातानं थापी मारली की तिच्या खुणा उलट्या दिशेला कलतात, हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं. कुंभार ओल्या मडक्याच्या आत दगडी गोटा धरतो आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत त्याला फुगवतो. सगळ्या मडक्यांत आतले खळगे एका बाजूला झुकलेले असतात. तिच्या पोराच्या मडक्यात दुसऱ्या बाजूला झुकत. तेवढा झुकाव शोधत ती प्रत्येक मडक्यात हात घालत होती. हे करता करता तिला कुठली माती, किती जुनं, कुणाची भट्टी, हे सगळं कळायला लागलं. शिकावं म्हणून ती शिकली नव्हती.

"पण तो मडकीच करत असेल कशावरून? दुसरं काही काम धरलं असेल," मी म्हटलं.

"तेचा हात मोकळा ऱ्हायला तर मातीतच जाईल," ती म्हणाली. "मला ठाव हाय."

त्यानंतर किती बाजार गेले, मी मोजले नाहीत. माझी मोठी मुलगी चालायला लागली होती एवढं आठवतं. सुगीनंतरचा बाजार होता. मीठवाल्यांत एक तरुण पोरगा सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, घेऊन बसला होता, मडक्यात भरून. अव्वा त्याच्याकडे गेली. त्यानं नाक मुरडत मडकं पुढं केलं. तिनं बूड पाहिलं, वास घेतला आणि सुंगटांतून हात आत घातला.

ती तशीच राहिली. मी ओसरीवरून पाहत होते. तिचा खांदा हलत होता, म्हणजे आतली बोटं परत परत त्याच जागेवरून फिरत असावीत. मग ती खालीच बसली.

"कुनाचं ह्ये?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक की त्या पोरानं दोनदा विचारलं, काय म्हणतेस.

"म्हाका खबर ना गो माये. म्हज्या आवयन घेतिल्लें."

त्याच्या आईनं घेतलेलं. कधी, ते त्याला माहीत नव्हतं. घाट उतरला की सांगे गावाच्या वाटेवर कुंभारांची चार घरं आहेत, तिथलं असेल, म्हणाला.

अव्वा मडकं उचलून आमच्या ओसरीवर घेऊन आली. तो पोरगा सुंगटांसाठी मागून ओरडत आला. आमच्या घरच्यांनी त्याला एक चांगलं पोतं दिलं तेव्हा तो गप्प बसला. अव्वानं मडकं धुतलं, काठोकाठ पाणी भरलं आणि बाहेरून पदरानं कोरडं पुसून आपल्यापुढे ठेवलं.

"आता?" मी विचारलं.

"नवं मडकं घाम गाळतंय. जुन्याची भोकं बुजत्यात, त्ये कोरडं ऱ्हातंय." तिनं तळहात मडक्याच्या पोटावर ठेवला, जसा आपण तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. "भिजलं तर आत्ताआत्ताचं. म्हंजे हाय तो."

मी कामाला आत गेले, परत आले. ती तशीच. ऊन फणसावरून उतरून ओसरीच्या पायरीवर आलं. लोक सामान आवरायला लागले. मीठवाल्यांनी बैल उठवले. मधेच एकदा तिनं हात काढून बघितला, मलाही दाखवला. मला वाटलं ओल आहे. पण तो तिच्या हाताचाच घाम होता.

"कोरडं हाय," शेवटी ती म्हणाली.

 मी म्हटलं, "माशाच्या मिठानं लवकर बुजली असतील भोकं."

"व्हय, बुजत्यात. पर बूड बग की. किती घासलंय. आनि ही काजळी. पोरीसारकं वागवलंय, तरी लई वापरलंय." मग तिनं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा आत हात घातला, गळ्याच्या खाली, जिथं कुंभार चार बोटं लावून मान ओढतो. तिथं ती बराच वेळ चाचपत होती. एकाएकी तिचा चेहरा बदलला.

"माजी बोटं ह्येच्यात हलत्यात गं."

"म्हणजे?"

"जागा उरती. मोटा हात हाय. घरनं गेला तवा तेचा हात माज्याहून ल्हान हुता." ती हसली की रडली ते मला आजही सांगता येणार नाही. "म्हंजे वाडला. गडी झाला. डाव्या हातानं केलंय, आनि बग, कुटं सुदीक डळमळलं न्हाई."

"आणि आता?"

"आता कुटं हाय त्ये मडक्याला काय ठाव?"

ती त्याच मीठवाल्यांबरोबर गेली. गुडघ्याचं नाव काढू दिलं नाही. कुंभारवाड्याला नवऱ्याकडे निरोप आमच्या गड्यानं पोचवला. म्हातारा तेव्हा दम्यानं अंथरुणाला खिळला होता. त्याचं शेजारी बघत होते.

महिना होऊन गेला असेल. एका सकाळी मी दार उघडलं तर ती ओसरीवर बसलेली. अंगात ताप, पायांना चिंध्या बांधलेल्या. मी पेज दिली. तिनं दोन घोट घेतले.

"भेटला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "मागल्या कुटल्यातरी पावसाळ्यात तापानं गेला. बायकू हाय. लेकरू न्हाई. चुली, कौलं करून पोट भरती. मला बसाया पाट दिला. मासळी-भात वाडला." तिनं वाटी खाली ठेवली. "तेचं चाक दावलं मला. अजून डावीकडं झिजलेलं हाय."

"तिला काय वाटलं तुम्हाला बघून?"

"काय वाटंल? मडकी घ्याया आलेली म्हातारी."

"सांगितलं नाही?"

"कसं सांगू? मी इचारलं, तुज्या मालकाला कुनी हुतं का? तर म्हनाली, न्हाई, आई ल्हानपनीच मेली म्हनायचे." ती पेजेच्या वाटीकडे बघत राहिली. "बराबर सांगिटलं तेनं. हात बांदला तवा मी मेल्यागतच हुभी हुते. मेलेली मानसं उटून दारात येत न्हाईत गं."

तिला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. घरच्यांनी गाडी जोडून दिली आणि मी तिच्याबरोबर कुंभारवाड्याला गेले. रानातली वाट, गाडी हेलकावे खात होती. वाटेत ती एकदाच बोलली. "म्हाताऱ्याला काय सांगू?" 

झोपडीत अंधार होता. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. तिला बघून त्यानं धड बसायचा प्रयत्न केला. मी दाराशी थांबले.

"घावला?" त्यानं विचारलं.

"घावला की," ती म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "सुकात हाय. घर हाय, बायकू हाय. भात करती झकास."

म्हाताऱ्याचा दम लागला. तो निवळेपर्यंत ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"चाक कुटल्या हातानं फिरवतंय?"

"डाव्या."

तो भिंतीकडे बघत होता. "मडकी कशी हैत?"

"तुमच्यापरास झ्याक."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं बग." मग, "माजं नाव काडलं?"

"काडलं. म्हनाला, बाला सांग, आता हात दुकत न्हाई."

मी बाहेर आले. अंगणात फुटक्या खापऱ्यांचा ढीग होता, त्यावर एक कोंबडी उकरत होती. गाडीवान विचारत होता, निघायचं का. मी त्याला बैल जोडायला सांगितलं.

म्हातारा त्याच थंडीत गेला. शेजारचे सांगत, शेवटचे दिवस तो शांत होता, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की माझं पोर घाटाखाली मोठा कुंभार झालंय.

त्यानंतर अव्वा बाजाराला यायची, पण दुसऱ्यांच्या मडक्यांजवळ जायची नाही. साहेबासाठी कुणी जुनं भांडं आणून दाखवलं तर लांबूनच म्हणायची, "चांगलं हाय." लोक दोन-तीनदा आले, मग यायचे थांबले. घरच्यांना वाटलं, म्हातारीची नजर गेली. 

एका बाजाराला ती मडकी न घेताच आली. काखेत बोचकं होतं. घर पुतण्याला दिलं म्हणाली.

"घाटाखाली जाते."

"तिथं? काय म्हणून राहणार?"

"माती मळाया कुनीतरी लागतंयच की. ती एकटी हाय. तेवडं मला येतंय."

"आणि सांगणार तिला?"

तिनं बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं. "तिनं इचारलं तर."

मी तिला पोहे बांधून दिले, गुडघ्याला लावायला तेल दिलं. तिनं माझ्या मुलीच्या गालावरून तो गुळगुळीत हात फिरवला. पुढं बरीच वर्षं मी मीठवाल्यांना विचारत असे. एकानं सांगितलं, आहे, माती मळते. दुसऱ्यानं सांगितलं, त्या मोठ्या तापाच्या साथीनंतर तिथली घरंच ओस पडली. मग विचारण्यासारखा मीठवालाही कुणी राहिला नाही.

तिनं सुनेला कधी सांगितलं का, सुनेनं विचारलं का, मला माहीत नाही.

ती घाटाखाली निघाली त्या दिवशी मी नदीच्या उतारापर्यंत तिला पोचवायला गेले होते. बैल पाण्यात उतरले होते, मिठाच्या गोण्या हलत होत्या. मला वाटलं, गुडघ्यामुळे ती मागं रेंगाळेल, मीठवाल्यांना थांबावं लागेल. पण तिनं लुगडं वर खोचलं, पाण्यात पाय टाकला आणि बघता बघता बैलांच्याही पुढं निघून गेली.